अरण्यसहलीचा बेत : बोरिवलीचें रान व कान्हेरीचीं लेणीं



सहलीचें नांव निघालें कीं वर्गांत पहिली चर्चा बहुधा फराळाची होते. वडे कोणीं आणावयाचे, चटणी कोणाच्या घरची, भेंड्यांसाठीं पक्ष कसे पाडावयाचे, हें सर्व पांच मिनिटांत ठरून जातें. परत किती वाजतां निघावयाचें, असें कोणी विचारलेंच तर "तें तेथें गेल्यावर पाहूं" असें उत्तर मिळतें. चौपाटीवर किंवा बागेंत जावयाचें असेल तर हें उत्तर खपून जाईल. अरण्यांत जावयाचें असेल तर खपणार नाहीं. बागेंत आपण यजमान असतों, अरण्यांत पाहुणे असतों; आणि पाहुण्यानें यजमानाची सोय जाणून मगच त्याच्या दारीं जावें, ही साधी रीत आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या उपनगरांत राहणारे आपण लोक एका दृष्टीनें मोठे भाग्यवान आहों. बोरिवली स्टेशनांतून पूर्वेस बाहेर पडून थोडें चाललें कीं ज्यांत बिबट्या व सांबर नांदतात असें खरेंखुरें अरण्य सुरू होतें. परंतु जी वस्तु उशाशीं असते तिची भीड राहत नाहीं. हिमालयांत जावयाचें तर आपण महिनाभर तयारी करूं. बोरिवलीच्या रानांत मात्र चपला पायांत सरकवून निघतों. ह्या लेखांत अशा सहलीचा बेत कसा करावा तें क्रमाक्रमानें पाहावयाचें आहे. सांगण्याचा मुख्य मुद्दा एकच : अरण्यसहलीचा बेत शेवटाकडून आरंभाकडे करावा. परतण्याची वेळ प्रथम ठरवावी, निघण्याची वेळ सर्वांत शेवटीं. इतर बहुतेक सूचना ह्या एका नियमाच्या पोटांत येतात.

१. प्रदेशाची ओळख

कोठेंही जाण्यापूर्वीं नकाशा पुढें घ्यावा. साष्टी बेटाच्या मध्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली एक डोंगरांची रांग दिसेल. तिच्या पश्चिमेस गोरेगांव, मालाड, कांदिवली, बोरिवली व दहिसर. पूर्वेस भांडुप, मुलुंड व ठाणें. मुलुंडचा विद्यार्थी मावळतीकडे जे डोंगर पाहतो आणि बोरिवलीचा विद्यार्थी उगवतीकडे जे पाहतो, ते एकाच रानाचे दोन कांठ होत. ह्या रानाचें क्षेत्रफळ शंभर चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक आहे. आज त्याचें सरकारी नांव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असें असून पूर्वीं त्यास कृष्णगिरि उपवन व पुढें बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणत.

'कृष्णगिरि' हें नांव नीट ध्यानांत ठेवावें. कृष्णगिरि म्हणजे काळा डोंगर. लेण्यांतील प्राचीन प्राकृत शिलालेखांत तेंच नांव 'कण्हगिरि', 'कण्हसेल' अशा रूपांत आढळतें, आणि त्यावरूनच आजचें 'कान्हेरी' झालें आहे. एका नांवाच्या पोटांत दोन हजार वर्षांचा उच्चार कसा झिजत आला, हें मराठीच्या विद्यार्थ्यानें अवश्य पाहावें.

ह्या डोंगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा व मिठी ह्या नद्या निघतात. आपण ज्यांस नाले समजून नाक मुरडतों, त्या ह्याच नद्या. रानांत त्यांचें पाणी स्वच्छ असतें. शहरांत शिरल्यावर आपण त्यांची काय दशा करतों, हें उगमाजवळचें पाणी पाहिल्यावांचून कळत नाहीं.

२. ऋतूची निवड

प्रत्येक ऋतूंत हें रान निराळें असतें; म्हणून "केव्हां जावें" ह्याचें उत्तर "काय पाहावयाचें आहे" ह्यावर अवलंबून आहे.

पावसाळ्यांत डोंगर हिरवेगार होतात व ओढे खळाळत वाहतात. परंतु मुलांच्या मोठ्या मेळ्यास हा ऋतु योग्य नाहीं. डोंगराच्या माथ्यावर सर कोसळली कीं पायथ्याचा गुडघाभर ओढा थोड्याच वेळांत छातीपर्यंत चढतो, आणि खालीं उभ्या असलेल्या मनुष्यास वर पाऊस झाल्याची वार्ताही नसते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मिठी नदीच्या पुरानें उपनगरांत केवढा अनर्थ केला, हें आपल्या वडील मंडळींस विचारावें. ती नदी ह्याच डोंगरांतून खालीं येते. शेवाळलेले खडक आणि वाहतें पाणी ह्यांच्याशीं धाडस करणें हें शौर्य नव्हे, अविचार होय.

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सहलीस सर्वांत उत्तम. हवा थंड असते, वाटा कोरड्या असतात, आणि हिवाळ्यांत येणारे पाहुणे पक्षीही दृष्टीस पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्यें पाने गळून रान उघडें पडतें खरें, परंतु त्याच वेळीं काटेसावर, पांगारा व पळस लाल-केशरी फुलांनीं पेटल्यासारखे दिसतात. कुसुम वृक्षाची कोंवळी पालवी तर अशी तांबडीलाल असते कीं ती पानें आहेत हें सांगूनही खरें वाटत नाहीं. एप्रिल-मेमध्यें दुपारचें ऊन असह्य होतें व वाळलेल्या पाल्यास ठिणगी लागण्याचें भय असतें. तेव्हां शाळेनें तो काळ टाळावा.

कारवी नांवाचें झुडूप ह्या डोंगरांच्या उतारांवर दाट वाढतें. तें आठ वर्षांतून एकदां फुलतें आणि बीज धरून मरतें. २०१६ सालीं व त्यानंतर २०२४ सालीं येथील उतार त्याच्या जांभळ्या फुलांनीं झांकून गेले होते. ह्या हिशेबानें पुढचा बहर २०३२ सालीं यावा. एखाद्या फुलासाठीं आठ वर्षें आधीं वहींत तारीख लिहून ठेवणें, ह्याहून लांबवरचा बेत दुसरा कोणता असेल ?

३. वेळेचें गणित

आतां मुख्य नियमाकडे वळूं. गणिताच्या तासाला सोडवितों तसें एक उदाहरण सोडवूं. समजा, डिसेंबरांतील एका दिवशीं चाळीस विद्यार्थी बोरिवलीच्या मुख्य दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत पायीं जाणार आहेत. अंतर सहा-सात किलोमीटर. रस्ता चांगला, पण शेवटीं चढाचा. उत्तर काढावयाचें तें उलट्या क्रमानें :

सूर्यास्त : सायंकाळीं ६ च्या सुमारास.
सर्वांनीं मुख्य दारांतून बाहेर पडणें, सूर्यास्तापूर्वीं दोन तास : ४ वाजतां.
अकल्पित अडचणीसाठीं राखीव एक तास वजा : ३ वाजतां.
परतीची चाल दोन तास. म्हणून लेण्यांपासून निघणें : १ वाजतां.
फराळ व विश्रांति पाऊण तास. म्हणून फराळास बसणें : १२ वाजून १५ मिनिटांनीं.
लेणीं पाहण्यास सव्वादोन तास. म्हणून तेथें पोंचणें : १० वाजतां.
जातांनाची चाल दोन तास. म्हणून दारांतून आंत शिरणें : सकाळीं ८ वाजतां.

येथें गणित संपत नाहीं. मुलुंडच्या विद्यार्थ्यास आगगाडीनें घाटकोपर, तेथून २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें अंधेरी, आणि अंधेरीहून पुन्हां आगगाडीनें बोरिवली गांठावयाचें आहे. गाड्या बदलण्याचा वेळ व बोरिवली स्टेशनापासून दारापर्यंतची चाल धरून दोन तास हाताशीं ठेवावे. म्हणजे घरून सहाला निघावें. म्हणजे पांचाला उठावें. म्हणजे आदल्या रात्रीं नवाला निजावें. सायंकाळच्या सूर्यास्तापासून सुरू झालेला हिशेब आदल्या रात्रीच्या अंथरुणापर्यंत येऊन पोंचला ! हाच शेवटाकडून आरंभाकडे बेत करण्याचा अर्थ.

आतां एक पोटप्रश्न. मंडळी आठाऐवजीं नवाला दारांत पोंचली तर काय करावें ? पुष्कळजण उत्तर देतील कीं भराभर चालावें, किंवा सायंकाळीं एक तास उशिरा निघावें. दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. भराभर चालण्यानें लहान मुलें मागें पडतात व मेळा तुटतो. आणि राखीव तास हा अपघातासाठीं ठेवलेला असतो, आळसासाठीं नव्हे. कोणाचा पाय मुरगळला, कोणास ऊन लागलें, कोणी मागें राहिलें, तर तो तास उपयोगीं पडावयाचा. म्हणून कमी करावयाचा असेल तर लेणीं पाहण्याचा वेळ कमी करावा. लेणीं दोन हजार वर्षें तेथें आहेत; पुढच्या वर्षींही असतील.

निघण्यापूर्वीं आणखी दोन चौकशा कराव्या. सोमवारीं उद्यान बंद असतें, हें विसरून दारापर्यंत जाऊन परतणारे लोक थोडे नाहींत. दुसरें, लेण्यांकडे जाणारा मोठा रस्ता सर्वांस खुला असला तरी शिलोंढ्यासारख्या आंतल्या वाटांस वनखात्याची परवानगी व वाटाड्या लागतो. ज्यांस इतकें चालणें झेपत नाहीं त्यांच्यासाठीं लेण्यांकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी दारावर आधींच करून ठेवावी. सहलींतून कोणी प्रकृतीमुळें वगळला जाऊं नये.

४. मेळ्याची रचना व सामान

चाळीसांचा एक जमाव करूं नये. दहा-दहांच्या चार तुकड्या कराव्या. प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक किंवा पालक असावा. पुढें एक जाणता मनुष्य, मागें एक जाणता मनुष्य. पुढच्याच्या पुढें कोणी जाऊं नये, मागच्याच्या मागें कोणी राहूं नये. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायानें ठरवावा. दर अर्ध्या तासानें शिरगणती करावी. डोक्यांची मोजणी करणें मोठ्या मुलांस पोरकट वाटतें. पण हरवलेल्या मुलाचा शोध संध्याकाळीं लागण्यापेक्षां तो हरवल्याचें सकाळींच कळलेलें बरें.

कपडे मळकट हिरवे, खाकी किंवा तपकिरी असावे. भडक रंगांनीं पक्षी दूर पळतात. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झांकणारें वस्त्र व बंद बूट असावे. प्रत्येकानें आपलें पाणी आपल्या बाटलींत न्यावें. दीड-दोन लिटर पुरे. फराळ भाकरी, चपाती, उसळ, केळीं असा साधा व डब्यांत बंद होणारा असावा. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊं नयेत. उघडा खाऊ हातांत घेऊन चालूं नये, कारण येथील माकडांस माणसाच्या हातांतील वस्तु आपलीच वाटते. आणि ती खोड त्यांस आपणच लावलेली आहे. औषधांची पेटी, एक शिटी, एक दोरी, एक विजेरी, वही व पेन्सिल इतकें सामान प्रत्येक तुकडीजवळ असलें म्हणजे झालें. गाणीं वाजविणारीं यंत्रें घरीं ठेवावीं. ज्यास रानाचें ऐकावयाचें आहे त्यानें प्रथम आपला आवाज आवरावा.

५. काळ्या अरण्याचा धडा

आपला डोंगर काळा, तसें युरोपांतील जर्मनी देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत एक 'काळें अरण्य' आहे. देवदाराच्या जातीच्या सूचिपर्णी वृक्षांची तेथें दाट छाया असते, म्हणून त्यास हें नांव. तेथें फ्रायबुर्ग शहरीं १८६४ सालीं पायीं फिरणाऱ्यांची एक संस्था निघाली. पुढें १९०० सालीं तिनें त्या अरण्यांतून फोर्झहाइमपासून स्वित्झर्लंडच्या सीमेवरील बाझेलपर्यंत सुमारें २८५ किलोमीटरांची एक पायवाट आंखून दिली. वाटेवर लाल रंगाच्या चौकटीची खूण केलेली असते. स्वयंसेवक ती खूण जपतात. आणि खूण पाहत चालणारा परका मनुष्यही वाट चुकत नाहीं. त्या देशांत मुलांच्या सहली व कुटुंबांचे सुटीचे दिवस अशाच वाटांवर जातात. सहल म्हणजे मनास येईल तिकडे धांवणें नव्हे, ठरलेल्या वाटेनें डोळे उघडे ठेवून चालणें, असा तेथील रिवाज आहे.

ह्या दूरच्या अरण्याचा उल्लेख उगीच केलेला नाहीं. त्याच १८६४ सालीं हिंदुस्थानांत वनखातें सुरू झालें, आणि त्याचा पहिला मुख्य अधिकारी जर्मनच होता. बॉन शहरीं १८२४ सालीं जन्मलेला डीट्रिश ब्रांडिस हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशांतील सागाच्या रानांत काम करून तो ह्या पदावर आला. त्याच्या मागून त्या जागेवर आलेले श्लिख व रिबेनट्रॉप हेही जर्मनच होते. त्यांच्या देशांत ही विद्या जुनी होती. सॅक्सनींतील खाणींस लांकूड अपुरें पडूं लागलें, तेव्हां हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १७१३ सालीं ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं रानांत जितकें वाढतें तितकेंच तोडावें. घरसंसारांत आपण ज्यास 'आंथरूण पाहून पाय पसरणें' म्हणतों, तोच हा नियम.

मात्र चित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. १८७८ च्या वनकायद्यानें सरकारी रानांवरील खेडुतांचे व आदिवासींचे पूर्वापार हक्क पुष्कळ अंशीं हिरावले गेले. त्यांची कायद्यानें मान्यता होण्यास २००६ साल उजाडावें लागलें. बोरिवलीच्या रानांतही वारली व इतर आदिवासींचे पाडे आहेत. वाटेंत त्यांच्या घरांवरून जातांना तें प्रदर्शन आहे असें समजून डोकावूं नये. तें त्यांचें घर आहे, आणि आपल्या शहराहून जुनें आहे.

६. बिबट्याचें घर

ह्या रानांत बिबटे आहेत काय, असा प्रश्न प्रत्येक आई विचारते. उत्तर सरळ आहे : आहेत. २०१५ सालीं आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्यानें उद्यान व त्याच्या परिसरांत गणना केली, तेव्हां ३५ बिबटे आढळले. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणें निराळी असते, त्यामुळें ते एकेक ओळखतां येतात. पुढील गणनांत ही संख्या वाढलेलीच दिसली.

बिबट्यांचें भय खोटें नाहीं. २००४ सालच्या जून महिन्यांत ह्या रानाच्या सभोंवार बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसें मृत्यु पावलीं. त्या संकटानंतर अभ्यासकांनीं कारणांचा शोध घेतला. बिबट्या स्वभावतः माणसास टाळतो. परंतु एके ठिकाणीं पकडून दुसऱ्या रानांत सोडलेला बिबट्या बावरतो व धोकादायक होतो; तसेंच वस्तीच्या कडेला कचरा सांचला कीं कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांच्या मागोमाग बिबट्या येतो. म्हणजे रानाच्या कडेला आपण टाकलेली उष्ट्याची पिशवी हें शेवटीं बिबट्यास दिलेलें आमंत्रणच ठरतें. वारली लोक वाघोबा ह्या देवाच्या रूपानें ह्या प्राण्याचा मान राखतात. त्याच्या शेजारीं कसें राहावें, हें ते पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत.

सहलीपुरते नियम असे. संध्याकाळ होण्यापूर्वीं रान सोडावें, कारण तो बिबट्याचा फिरण्याचा समय. आपल्या गणितांत चार वाजतां बाहेर पडण्याची अट घातली तिचें हेंच कारण. एकट्यानें झुडपांत जाऊं नये. झुडपांशेजारीं खालीं वांकून बसूं नये. लहान मुलें मेळ्याच्या मध्यें ठेवावीं. बिबट्या दिसलाच तर पळूं नये, दगड मारूं नये, छायाचित्रासाठीं जवळ जाऊं नये. एकत्र उभें राहून त्यास जाण्यास वाट द्यावी व हळूहळू मागें सरावें. दिवसा मोठ्या रस्त्यानें चालणाऱ्या मेळ्यास तो बहुधा दिसतही नाहीं. पण तो कदाचित् आपणांस पाहत असेल, एवढी जाणीव ठेवली म्हणजे वागणूक आपोआप सुधारते.

७. पाण्याची मर्यादा

रानांत पाणी दिसलें कीं मुलांस उतरण्याचा मोह होतो. येथें तो मोह दोन कारणांनीं आवरावा. एक, डोहांची खोली वरून कळत नाहीं. दुसरें कारण अधिक मोठें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेटावरील विहिरी व तळीं वाढत्या वस्तीस पुरेनाशीं झालीं. तेव्हां मिठी नदीच्या खोऱ्यांत धरण बांधून विहार तलाव करण्यांत आला. तो १८६० सालीं पुरा झाला व शहरास प्रथमच नळाचें पाणी मिळालें. त्यापाठोपाठ १८७९ सालीं तुळशी तलाव झाला. पुढें दूरदूरचीं धरणें बांधलीं गेलीं आणि आज शहराचें बहुतेक पाणी त्यांतून येतें. परंतु विहार व तुळशी अद्यापि आपलें काम करीत आहेत.

ह्या तलावांस पाणी कोण देतें ? पाऊस देतो हें खरें, पण तें धरून ठेवतें तें रान. उघड्या डोंगरावर पडलेलें पाणी माती घेऊन एका तासांत समुद्राकडे पळतें. झाडांखालीं पडलेलें पाणी पाल्यांत मुरतें, मुळांशीं थांबतें आणि सावकाश झऱ्यांवाटे बाहेर येतें. म्हणून तलावाभोंवतींचें रान राखणें हें पाणीच राखणें होय. तेथें टाकलेली घाण पुन्हां आपल्याच घागरींत येते.

८. कान्हेरी : दगडांत कोरलेला बेत

आतां सहलीच्या ठिकाणाकडे येऊं. कान्हेरी येथें शंभरांहून अधिक लेणीं असून तीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून पुढें सुमारें हजार वर्षें कोरलीं जात होतीं. सव्वादोन तासांत सर्व पाहूं म्हणणें व्यर्थ आहे. निवडक पांच-सहा पाहावीं.

तिसऱ्या क्रमांकाचें लेणें हें मोठें चैत्यगृह. त्यांत ३४ खांब आहेत व ओसरीच्या दोन्ही अंगांस सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी ह्याच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, दोघा व्यापारी बंधूंनीं तें कोरविल्याचें तेथील शिलालेखावरून कळतें. अकराव्या क्रमांकाचें लेणें म्हणजे भिक्षूंचें सभागृह. त्यास लोक दरबार म्हणतात. एकेचाळिसाव्यांत अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. पहिल्या क्रमांकाचें लेणें अपुरें राहिलें आहे. तें अवश्य पाहावें, कारण काम कसें चाले हें पुऱ्या लेण्यापेक्षां अपुऱ्या लेण्यांतच अधिक कळतें.

परंतु ज्यास बेत करण्याची विद्या शिकावयाची आहे त्यानें मूर्तींपेक्षां टांक्यांकडे अधिक लक्ष द्यावें. लेण्यालेण्याशेजारीं खडकांत पाण्याचें टांकें कोरलेलें आहे. डोंगरावरून वाहणारें पावसाचें पाणी कोरीव पन्हाळ्यांवाटे ह्या टांक्यांत आणून वर्षभरासाठीं साठविलें जाई. शिलालेखांत टांक्यास 'पोढी' म्हटलें आहे, आणि पोढी खोदवून देणें हें मोठें दान समजत. राहण्याची खोली, निजण्याचा ओटा, बसण्याचा बांक व पाण्याचें टांकें : इतकें आधीं ठरवून मगच येथें छिनी चालली. चार महिने पाऊस व आठ महिने कोरडें आकाश असलेल्या डोंगरावर शेकडों भिक्षु राहिले, ते ह्या पूर्वतयारीच्या बळावर. येथील दानलेखांत सोपारा, कल्याण, चौल, नाशिक अशा गांवांचीं नांवें येतात. म्हणजे हें रान तेव्हांही जगापासून तुटलेलें नव्हतें, बंदरांच्या व बाजारपेठांच्या मध्यावर होतें.

नव्वदाव्या लेण्यांत पह्लवी लिपींत कांहीं लेख आहेत. इसवी सन १००९ व १०२१ ह्या वर्षीं येथें आलेल्या पारशी प्रवाशांनीं आपलीं नांवें व दिनांक तेथें नोंदून ठेविले. कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "मग आम्हींच आमचें नांव कोरलें तर काय बिघडलें ?" ह्या शंकेचें उत्तर दिलें पाहिजे. त्या प्रवाशांच्या काळीं तो खडक म्हणजे वहीचें पान होतें. आज तें पान भरलेलें आहे व त्यावरील प्रत्येक ओळ इतिहासाचा पुरावा आहे. जुन्या अक्षरांवर नवें नांव कोरणारा स्वतःस अमर करीत नाहीं. तो आपल्या पूर्वींच्या मनुष्यास पुसून टाकतो. ज्यास आपली भेट नोंदवावयाची आहे त्याच्याजवळ वही आहेच.

९. परतल्यावर

सहल घरीं पोंचल्यानें पुरी होत नाहीं. टिपण लिहिल्यानें होते. त्याच रात्रीं किंवा दुसऱ्या दिवशीं प्रत्येकानें एक पान लिहावें : दहा झाडें, पांच पक्षी, एक शिलालेख, आणि बेतांत चुकलेली एक गोष्ट. ही शेवटची नोंद सर्वांत मोलाची. पुढील वर्षाच्या मंडळीस तीच कामीं येईल. शाळेनें अशीं टिपणें जपून ठेवलीं तर दहा वर्षांत आपल्या रानाचा एक लहानसा इतिहासच तयार होईल.

पालकांसही एक विनंती आहे. मूल रानांत जाणार म्हटल्यावर भीतीनें त्यास घरीं ठेवूं नये, आणि कौतुकानें त्यास मोकाटही सोडूं नये. त्याच्याबरोबर बसून वरील गणित एकदां सोडवावें. सहलीच्या दिवसाचा आराखडा ज्या मुलानें स्वतः केला, तें मूल वेळ पाळतें, धाकट्यास सांभाळतें व कचरा खिशांत घालून परत आणतें. रान वांचवावयाचें असेल तर तें पाहिलेले लोक हवेत. आणि पाहून आलेले लोक रानास जड होऊं नयेत, ही त्याची दुसरी बाजू.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) मे महिन्यांत मुंबईस सूर्य सायंकाळीं सातनंतर मावळतो. तरीही त्या महिन्यांत सहलीचा दिवस लांब धरतां येत नाहीं, ह्याचें कारण सांगा.
(२) आपल्या घरापासून बोरिवलीच्या मुख्य दारापर्यंतच्या प्रवासाचा हिशेब मांडून, आठाला पोंचण्यासाठीं किती वाजतां निघावें तें काढा.
(३) आपल्या घराजवळून वाहणारी नदी किंवा नाला कोणत्या डोंगरांतून येतो, तें नकाशावर शोधा.
(४) विहार तलावाभोंवतीं रान नसतें तर तलावाचें काय झालें असतें, ह्यावर दहा ओळी लिहा.